रिकाम्या आळीतला नाताळ

सत्तेचाळीसच्या दसऱ्यानंतर गावातून गाड्या निघायला लागल्या. गाव तामलवाडीपासून कोसभर आत, आणि तामलवाडी ओलांडून थोडं पुढं गेलं की निजामाची हद्द संपायची. पलीकडं सोलापूर, पलीकडं स्वराज्य. अलीकडं रझाकारांची टोळी कधी येईल याचा नेम नव्हता. शेजारच्या गावात घरं जळाली तसा ज्याच्या दारात बैल होता त्यानं गाडी जुंपली. कार्तिक सरत आला तेव्हा लिंगायत आळीत एकाही घरावर धूर दिसत नव्हता.

पाटलाचं एक घर सोडलं तर गावकुसाबाहेरची माणसं तेवढी राहिली. त्यांच्याजवळ बैल नव्हते आणि पलीकडं जाऊन कुणाच्या दारात उभं राहायचं हेही ठाऊक नव्हतं. तिथंच मिशनची पाच-सहा घरं होती. त्यांतलं कडेचं घर सारजाबाईचं.

सारजाबाई मिशनची बायबलबाई. नवरा प्लेगात गेला, मूल झालं नाही. मिशनातल्या मडमेनं तिला वाचायला शिकवलं आणि येशूच्या गोष्टी सांगत तीच या भागातली खेडी पायी फिरली. वर्षभर गावात तिला कुणी थांबवून बोलत नसे. नाताळच्या महिन्यात मात्र लोक तिची वाट बघत. सोलापूरच्या मिशनातून गाडी यायची. ज्वारी, गूळ, दोन-चार घोंगड्या. विधवांच्या घरी आणि ज्यांना मागं-पुढं कुणी नाही अशा म्हाताऱ्यांना ते वाटायचं. जात विचारायची नाही, असं पाळकसाहेबांचं सांगणं होतं. गावातल्या एक-दोन म्हाताऱ्याही हळूच येऊन दाणे पदरात घेऊन जात. कोरडा शिधा, त्याला विटाळ नाही, म्हणून चालायचं.

यंदा गाडी आली नाही. शेवटी सारजाबाईच सोलापूरला चालत गेली. पाळकसाहेबांनी तिच्यासोबत पोतं देऊन एक माणूस धाडला, पण सरहद्दीच्या नाक्यावरच्या शिपायानं पोतं उतरवून घेतलं आणि त्या माणसाला माघारी लावलं.

"पलीकडं दाणा न्यायचा न्हाय. हुकूम हाय."

"गरिबांच्या सणाचं हाय, साहेब. पोरं हायत, म्हातारी माणसं हायत."

"तुझी म्हातारी खातील का रझाकार खातील, मला काय ठावं?"

ती तिथं दुपारपर्यंत बसून राहिली. अखेर शिपायालाच कंटाळा आला असावा. डोक्यावर बसंल तेवढं ने, म्हणाला. सारजाबाईनं लुगड्याच्या धडप्यात ज्वारी बांधली, वर गुळाची ढेप ठेवली, खांद्यावर एक घोंगडी टाकली आणि निघाली. मान मोडून येईल इतकं भरलं होतं, तरी ते किती थोडं आहे हे तिला चालताना कळत होतं.

गावात शिरल्यावर ती लिंगायत आळीतून निघाली. एरवी गाठोडं घेऊन त्या आळीतून जायची तिची छाती झाली नसती. आता अडवायला कोण होतं? ओट्यांवर पाला साचला होता. हणमंतप्पाच्या घरापुढून जाताना आतून कुणी खोकल्यासारखं वाटलं. ती थांबली. पुन्हा तसंच झालं आणि मग बारीक आवाज आला, "नीरू... नीरू."

एवढं कानडी तिला कळत होतं. कुणीतरी पाणी मागत होतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत अंधारात बाजेवर हणमंतप्पाची आई, पार्वतम्मा, पडली होती. श्रावणात परसात घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं, हे सारजाबाईला ठाऊक होतं. पण म्हातारीला मागं टाकून गेले असतील हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"कोन हाय?"

"म्या सारजा, अव्वा. मिशनातली."

"उंबऱ्याच्या आत येऊ नगं."

सारजाबाईनं उचललेला पाय मागं घेतला. दारातूनच तिनं विचारलं आणि तुटक तुटक सगळं समजलं. गाडीचे हिसके म्हातारीला सोसेनात. वेशीपर्यंत नेऊन माघारी आणलं होतं. हणमंतप्पा म्हणाला, पोराबाळांना पोचवतो आणि चार माणसं घेऊन डोलीतून न्यायला येतो. शेजारची गंगम्मा तोवर बघणार होती. मग चार दिवसांमागं गंगम्मालाही तिच्या लेकांनी नेलं. जाताना तिनं घागर भरून ठेवली, उशाला भाजलेली ज्वारी ठेवली. घागर कालच संपली होती. ज्वारी होती, पण गळ्यातल्या लिंगाला पाणी घातल्याशिवाय पार्वतम्मा तोंडात काही घालत नसे. लग्न होऊन आली तेव्हापासून एक दिवस तिनं तो नेम मोडला नव्हता.

"म्या आणते पाणी," सारजाबाई म्हणाली.

"तुझं पाणी लिंगावर कसं घालू, सारजे?" हे ती रागानं म्हणाली नाही. खरंच विचारल्यासारखं म्हणाली.

सारजाबाई गाठोडं तिथंच ओट्यावर टाकून धावली. गावाच्या वरच्या अंगाला हिंमतराव पाटलाचं, मराठ्याचं, घर अजून नांदतं होतं. त्याची बायको कस्तुराबाई घागर घेऊन आली. तिच्या हातचं चाललं. पार्वतम्मानं छातीवरचं लाल कापड सोडलं, लिंग तळहातावर घेऊन पाणी घातलं, भस्म लावलं आणि मग मूठभर ज्वारी चघळत बसली. दात नव्हते. कस्तुराबाईनं ती दगडानं भरडून दिली.

नाताळ तोंडावर आला तोवर असंच चाललं. कस्तुराबाई पाणी घालून जायची. सारजाबाई दारात बसून दोन शब्द बोलायची. एक दिवस सकाळी हिंमतरावाच्या वाड्याला कुलूप दिसलं. ते लोक रात्रीत निघून गेले होते. कुणी कुणाला सांगून जाण्याचे दिवसच नव्हते ते.

त्या दिवशी सारजाबाई पाण्याची कळशी घेऊन दारात उभी राहिली. पार्वतम्मानं मान फिरवली. सारजाबाई दिवसभर बसली. आसपास कुणी लिंगायत, कुणी मराठा सापडतोय का म्हणून वेशीपर्यंत जाऊन आली. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा म्हातारीचे ओठ फुटून रक्त सुकलं होतं. जीभ तोंडात मावत नव्हती.

"अव्वा, घ्या वं. देवाला काय कळत न्हाय व्हय तुमी कशात हाय ते?"

पार्वतम्मानं छातीवरच्या लाल कापडावर हात ठेवला. मग तिनं गळ्यातला दोरा डोक्यावरून काढला. हात पुरेना, तो केसांत अडकला, तरी तिनं सारजाबाईला मदतीला बोलावलं नाही. लिंग कपाळाला लावलं, लाल कापडात गुंडाळलं आणि उशालगतच्या कोनाड्यात ठेवलं.

"लिंग उतरलं म्हंजी बाई मेली," ती म्हणाली. "म्या आता मेलेलीच हाय. मेलेल्याला कसला विटाळ? ये आत."

सारजाबाई आत गेली. आपण काय बघितलं हे तेव्हा तिला पुरतं कळलं नव्हतं. म्हातारी पाणी घेतेय याचाच तिला आनंद झाला होता. तिनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि थेंब थेंब पाणी पाजलं. घरी जाऊन ज्वारीच्या पिठाची पातळ आंबील करून आणली आणि चमच्यानं भरवली. पार्वतम्मा लहान मुलीसारखी तोंड उघडत होती. डोळ्यांतून पाणी कानात ओघळत होतं, तेही सारजाबाईनं पदरानं पुसलं. मिशनची घोंगडीही तिनं म्हातारीच्या अंगावर घातली.

ज्वारीची वाटणी करायची वेळ आली तेव्हा कडूबाई भांडली. कडूबाई मिशनातलीच विधवा, पदरात तीन लेकरं, त्यातलं एक अंगावर पिणारं. आपल्या सुपातले दाणे तिनं हातानं चाळवून बघितले.

"मागल्या साली याच्या दुप्पट व्हते."

"नाक्यावर अडवलं, कडू. सांगितलं की म्या."

"नाक्यावर अडवलं ते अडवलं. त्या हणमंताच्या आईला काय म्हून घालतीस? तुझ्या बापाला त्यांच्या हिरीवरनं दगडं मारून हाकललं व्हतं. माझं दूध आटलंय, सारजाबाई. हे बघ पोराचं तोंड."

सारजाबाईनं स्वतःच्या वाट्यातली ओंजळ तिच्या सुपात टाकली. कडूबाईनं ती घेतली, पण उठून जाताना बोलली नाही.

नाताळच्या दिवशी मिशनच्या खोपटात सगळी मिळून दहाबारा माणसं जमली. गाणी म्हणायची तर पेटी वाजवणारा सोलापुरात अडकलेला. सारजाबाईनंच सूर धरला, पोरांनी मागून म्हटलं, आणि बाहेर घोड्यांच्या टापा वाजल्यासारखं झालं तशी सगळी एकदम गप्प झाली. कुणी नव्हतं. पण गाणं पुन्हा सुरू झालं नाही. गुळातल्या कण्या वाटल्या, त्या लेकरांनी पानं चाटून खाल्ल्या.

वाटीभर कण्या राखून सारजाबाई दुपारी पार्वतम्माकडं गेली. दोन-तीन दिवस पोटात काही गेल्यानं म्हातारीच्या आवाजात जरा जीव आला होता. गोड लागलं तशी तिनं विचारलं, "आज काय हाय तुमचं?"

"येशूचा जन्म झाला आज. गोठ्यात झाला. त्याच्या आईला कुणी घरात जागा दिली न्हाय."

"बाळंतिणीला जागा दिली न्हाय? कसली माणसं म्हनायची ती?" पार्वतम्मा पुटपुटली. थोड्या वेळानं म्हणाली, "हणमंताच्या टायमाला तीन दिवस अडले व्हते म्या. तुझ्या आईनं सोडवलं. नाळ तिनंच कापली. हितंच, या खोलीत. मग ती गेली आन आमी समदं घर शेणानं सारवून घेतलं. तिला परसदारी जुनेर दिलं व्हतं, वरनं टाकून." ती थांबली. "तुझी आई काय म्हनली न्हाय. हसली आन गेली."

"तिला सवय व्हती, अव्वा."

पार्वतम्मानं वाटी बाजूला सारली. तिनं सारजाबाईचा हात धरून ठेवला होता, पण डोळे कोनाड्याकडं होते. सारजाबाईनं पहिल्यांदाच नीट बघितलं, म्हातारी जेवताना, बोलताना, झोपेतून जागी होताना सारखी त्या कोनाड्याकडं बघत असते. लेकराला दुसऱ्याच्या घरी ठेवून आलेल्या आईसारखी.

"घाला की परत गळ्यात," सारजाबाई भीत भीत म्हणाली.

"तुला न्हाय कळायचं," पार्वतम्मा म्हणाली. "तू पोट भरलंस माझं. त्याबद्दल बसवण्णा तुझं भलं करो. पन हे तुला न्हाय कळायचं."

दुसऱ्या दिवशी हणमंतप्पा आला. सोबत चार माणसं होती आणि बांबूची डोली. आडवाटेनं, ओढ्याच्या पात्रातून चालत ते आले होते. सरहद्दीवर महिनाभर त्याला कुणी सोडलं नव्हतं. गंगम्मा मागं राहिलीच नाही हे त्याला सोलापुरात तीच अचानक समोर दिसली तेव्हा कळलं. उंबऱ्यात येऊन त्यानं हाक मारली, "अव्वा!" आणि आतून उत्तर आलं तसा हा धिप्पाड गडी खाली बसून रडायला लागला. सारजाबाई तेव्हा चुलीपाशी होती. ती लगबगीनं उठून भिंतीला लागली.

हणमंतप्पानं तिला बघितलं. अंगावरची घोंगडी बघितली, उशाची वाटी बघितली. मग आईच्या उघड्या गळ्याकडं त्याची नजर गेली.

"लिंग कुठं हाय, अव्वा?"

पार्वतम्माची नजर कोनाड्याकडं गेली. सोबतच्या माणसांतल्या एकानं, गुंडप्पानं, तोंड फिरवलं आणि तो अंगणात जाऊन उभा राहिला.

"काय झालं ते मला ठावं हाय, आसं समज," हणमंतप्पा आईजवळ बसून म्हणाला. कोनाड्यातलं लाल कापड त्यानं शोधून काढलं. "बसवण्णानं कुठं जात बघितली? जीव वाचला हे मोप झालं. घाल हे. चल, आंधार पडायच्या आत ओढा गाठायचाय."

"कुनाच्या गळ्यात बांधतोस?"

"अव्वा..."

"तुझी आई गेली, हणमंता. लिंग उतरवलं तवाच गेली. म्या हाये ती कोन हाय, मलाच ठावं न्हाय." ती हे इतकं शांतपणे म्हणाली की तो घाबरला. "तू आधी आला असतास तर आली असती तुझ्यासंगं. आता न्हाय येत."

त्यानं पाय धरले, रागावला. डोलीत उचलून घालायला गेला तर म्हातारीनं बाजेचा दोर दोन्ही हातांनी असा धरला की बोटं सोडवता येईनात. शेवटी तो थांबला. बरोबरच्या माणसांना त्यानं माघारी पाठवलं आणि स्वतः मागं राहिला. रझाकारांना सापडला असता तर त्याचा जीव गेला असता.

पार्वतम्मानं त्या दिवसापासून अन्न घेतलं नाही. सारजाबाईच्या हातचं नाही, आणि लेकानं स्वतः भाजलेली भाकरीही नाही. लेकानं पाण्याचं भांडं ओठांना लावलं की ती ओठ मिटायची.

सारजाबाई ओट्यावर बसून असायची. आत जायचं की नाही हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण आता तिचा पायच वळत नव्हता. एकदा हणमंतप्पा बाहेर आला आणि तिच्यापासून हातभर अंतरावर टेकला. आयुष्यात प्रथमच तो तिच्याशेजारी बसला होता.

"तू का घातलंस तिला?" त्यानं विचारलं.

"मरत व्हती, अण्णा."

"व्हय," तो म्हणाला. "पन ती तिच्या नेमात मेली असती. म्या येऊन माती दिली असती आन माझी आई आईच ऱ्हायली असती. आता ती माझ्याकडं अशी बघते, जसं म्या कुनीच न्हाय." मग तोच घाईनं म्हणाला, "तुझी चूक हाय आसं न्हाय म्हनत म्या. कुनाची चूक म्हनावी तेच कळंना झालंय."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर सारजाबाईला बरं वाटलं असतं.

जुनं वर्ष संपायच्या आत पार्वतम्मा गेली. हणमंतप्पानं एकट्यानं शेतात खड्डा खणला. लिंगायत माणसाला बसवून पुरतात, आणि एकट्यानं ते जमेना. त्यानं बांधावर उभ्या असलेल्या सारजाबाईकडं एकदा बघितलं. ती दोन पावलं पुढं आली. तोवर त्यानं मान हलवली, नको म्हणून, आणि आईला छातीशी धरून तो स्वतःच खड्ड्यात उतरला. लाल कापड सोडून लिंग त्यानं तिच्या डाव्या तळहातात ठेवलं आणि वरून बोटं मिटवली. आता ती नाही म्हणू शकत नव्हती. माती लोटून झाली तसा तो ओढ्याच्या दिशेनं निघून गेला.

आठवड्यानं सारजाबाई पुन्हा त्या आळीतून निघाली होती. पार्वतम्माकडं राहिलेलं भांडं आणायचं होतं, कडूबाईच्या पोरांसाठी आंबील शिजवायला तेवढं एकच मोठं भांडं होतं. आळीच्या टोकाला, मारुतीकडच्या बाजूला, एका बंद दारामागून काठी आपटल्याचा आवाज आला. मग म्हाताऱ्या माणसाचा आवाज, "कोन जातंय? भाकर हाय का?"

तो ईरण्णा होता. डोळ्यांनी अधू, बायको-पोरं नसलेला, भाच्याच्या घरी राहणारा. भाचा कधीच पलीकडं गेला होता. त्यानं ठेवलेल्या दाण्यांवर आणि परसातल्या आडाच्या पाण्यावर हा रझाकारांच्या धाकानं आतून कडी लावून, चूल न पेटवता राहिला असणार.

सारजाबाई घरी गेली, गाडगंभर आंबील घेऊन आली आणि दाराबाहेर उभी राहिली.

"आंबील आणलीय, ईरण्णाकाका. सारजाच्या हातची हाय. मिशनातल्या."

आत काठी थांबली.  याआधीची सारजाबाई असती तर तिनं विनवलं असतं, देवाच्या आणा घातल्या असत्या, दार वाजवत बसली असती. ती नुसती उभी राहिली. आतून तो दे किंवा नको काहीच म्हणाला नाही, आणि तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. ऊन ओट्यावरून उतरलं तसं तिनं गाडगं उचललं आणि कडूबाईच्या पोरांना नेऊन दिलं. पोरांनी ते बोटांनी पुसून खाल्लं. कडूबाई कितीतरी दिवसांनी तिच्याशी बोलली, "बस की जरा." ती बसली नाही.

त्यानंतर सारजाबाई त्या आळीत गेली नाही. गावकुसाच्या बाहेरून, काट्यांतून लांबच्या वाटेनं ती जाऊ-येऊ लागली. कधी वारं त्या बाजूचं आलं की ती घरात जाऊन जात्यावर बसायची. दळायला काही नसलं तरी बसायची.

पुढच्या भाद्रपदात फौजा आल्या, निजामाचं राज्य संपलं आणि गाड्या परत यायला लागल्या. लोकांनी कुलपं उघडली, ओटे झाडले. आळीच्या टोकाचं एक दार उघडेना. ते आतून कडी लावलेलं होतं. पहारीनं कडी तोडली तेव्हा आत काय सापडलं ते ईरण्णाच्या भाच्यानं बाहेर येऊन कुणाला सांगितलं नाही. तो नुसता ओट्यावर डोकं धरून बसला.

गाव गोळा झाला होता. सारजाबाईही मागं, दूर उभी होती. भाच्यानं मान वर केली तशी ती त्याला दिसली.

"सारजाबाई, तू तर हितंच व्हतीस सालभर," तो म्हणाला. "कधी हाक आली न्हाय का गं तुझ्या कानावर?"

सगळे तिच्याकडं वळून बघायला लागले.

"न्हाय," सारजाबाई म्हणाली.